बिरा काळेलचं अर्धं वाक्य

बातमी मला अर्धा तास उशिरा कळली, कारण मी कोल्ड स्टोरेजमध्ये होतो. आत फोनला रेंज नसते. नव्या मालाची पेटी फोडून, मूठभर बेदाणे तळहातावर घेऊन रंग बघत उभा होतो. आमच्या धंद्यात सगळी धडपड याच्यासाठीच, की बेदाणा काळा पडू नये, आज दिसतो तसा आठ महिन्यांनी दिसावा. बाहेर आलो, स्वेटर काढायला लागलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. सात मिस्ड कॉल, सगळे सुमनवहिनींचे. सुमनवहिनी म्हणजे बिराची बायको. ती मला कधी फोन करत नसे. करायचा तर बिराच करायचा, आणि तोही शिव्या घालायला. मी उलट फोन लावला. "अजितभाऊ, हे गेले," ती म्हणाली. "चहा घेतला, कप विसळायला उठले आणि ओट्यापाशीच..." मी "कोण हे?" असं विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल. ती शांतपणे म्हणाली, "तुमचा बिरा."

प्राध्यापक बिरू काळेल सांगलीत बऱ्याच जणांना माहीत होते. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या ज्येष्ठ नागरिकांच्या संघात जाऊन एकाच विषयावर बोलत राहिले. म्हातारपण थांबवतो म्हणून जे काही विकलं जातं, गोळ्या, भुकट्या, काढे, त्यात खरं किती आणि हवा किती. त्यामुळं शोकसभेत एका महाभागाला राहवलं नाही. चहाचा कप हातात धरून तो शेजाऱ्याला म्हणाला, "वय थांबवायच्या औषधांवर बोलत होते, आणि स्वतः सहासष्टाव्या वर्षी गेले की हो!" आणि हसला. मला असा संताप आला की कप काढून घ्यावा हातातला. अहो, थांबत नाही असंच तर तो सांगत होता! पण भांडलो नाही. कारण त्या सभेत बिराचं सगळ्यात जास्त नुकसान केलेला माणूस कोण असेल, तर तो मी होतो. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी "तुम्ही त्यांचे जवळचे मित्र, काहीतरी लिहा" म्हटल्यावर मी हो म्हणालो, आणि चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. चारही वेळा चांगलं झालं होतं, आणि चारही वेळा मुख्य गोष्ट त्यात नव्हती.

आमची ओळख हॉस्टेलमधली. मी जैनाचं पोर, सूर्य बुडायच्या आत जेवणारा, बापाचा द्राक्षाचा मळा आणि बेदाण्याचं दुकान. तो म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खोलीत आला तेव्हा त्याच्याकडं एक पत्र्याची पेटी आणि एक घोंगडं होतं, आणि त्या घोंगड्याच्या वासावरून मी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, "शेठ, हिवाळ्यात मागशील, तवा देनार न्हाई." डिसेंबरात मागितलं. दिलं. तेव्हापासून मी त्याचा शेठ झालो तो कायमचा. मी बी.एस्सी.ला दोनदा आपटलो आणि दुकानात बसलो. तो पुढं शिकत गेला, पुण्याला एका प्रयोगशाळेत काही वर्षं उंदरांवर काम करून परत सांगलीला आला. गावी वडील आणि थोरला भाऊ मेंढरं घेऊन फिरत. त्या थोरल्या भावाला सगळे आबा म्हणत. आबांनी स्वतः पाटी धरली नाही, पण बिराची फी भरायची वेळ आली की कळपातली चांगली मेंढी बाजारात न्यायचे आणि त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत.

एका सुट्टीत बिरानं मला लोणंदच्या मेंढरांच्या बाजारात नेलं होतं. विकणारा एका मेंढीचं असं काही वर्णन करत होता की मीच ती घ्यायला निघालो. तरणी आहे, दोन वेतं झालीत फक्त, लोकर बघा, चाल बघा. बिरा खाली बसला, मेंढीचा जबडा धरला आणि ओठ वर केला. मेंढीचं वय दातावरून कळतं, दोन दाती, चार दाती, पुढं आठ, आणि मग दात विरळ व्हायला लागतात, तुटतात. त्या मेंढीचे पुढचे दात फाकले होते आणि एक तर निम्मा तुटलेला होता. विकणारा दुसरीकडं बघायला लागला. परत येताना मी म्हणालो, केवढा लबाड माणूस. बिरा म्हणाला, "लबाड न्हाई रं. त्येला ती इकायची हाय. बोलनारच की त्यो. तोंड उघडायचं काम आपलं." पुढं तो प्राध्यापक झाला, इंग्रजीतले शोधनिबंध वाचायला लागला, पण मला विचाराल तर तो आयुष्यभर तेच करत होता. कुणी काही दावा केला की हा खाली बसून त्याचा ओठ वर करायचा.

त्याची एक सवय होती. म्हातारपणावर औषध सापडलं अशी बातमी वर्षातून निदान दहा वेळा पेपरात येते. बिरा ती कापायचा, मूळ संशोधन शोधून वाचायचा, आणि कात्रणाच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं एक चित्र काढायचा. प्रयोग ज्याच्यावर झाला त्याचं. यीस्टवर झाला असेल तर नुसता ठिपका. अळी असेल तर वेलांटीसारखी रेघ. माशी, उंदीर. बातमीत केवढेही मोठे मथळे असोत, खाली कोपऱ्यात उंदीर बसलेला. टेबलाचा एक खण त्या कात्रणांनी भरला होता. वहिनी म्हणायची, आमच्या घरात उंदीर खणात राहतात. माणसाचं चित्र काढायची वेळ क्वचित यायची, आणि ते काढलं तरी शेजारी तो बारीक अक्षरात लिहायचा, किती माणसं, किती महिने, आणि नेमकं काय मोजलं. कारण रक्तातला एखादा आकडा सुधारणं वेगळं आणि माणूस जास्त जगणं वेगळं, हे तो मला इतक्या वेळा सांगत असे की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. "उंदीर तीन वर्षांत म्हातारा हुतोय, शेठ. त्येचं मरान बघायला सायबाला सवड हाय. मानसाचं आयुष्य वाढलं का बघायचं तर परयोग करनाराच आधी मरंल." असं म्हणून हसायचा.

माझी आई नव्वदीच्या पुढं जगली. दशलक्षण पर्वातले तिचे उपवास सगळ्या गल्लीला माहीत होते, एरवीही ताटात मोजकंच घ्यायची. कमी खाण्यानं प्राण्यांचं आयुष्य वाढतं असं संशोधन आहे, हे मला बिराकडूनच कळलं होतं. आईची नव्वदी केली त्या दिवशी मी पाहुण्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, बघा, शास्त्रज्ञ आत्ता जे शोधतायत ते आमची आई साठ वर्षं करते आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिरा जिलेबी खात बसला होता. पाहुणे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझा बाप काय खात हुता रं?" वडील माझे आईपेक्षा कडक होते उपवासाला, आणि बावन्नाव्या वर्षी गेले. बिरानं खांद्यावर हात ठेवला. "जे जगत्यात ते सांगायला ऱ्हात्यात, शेठ. गेलेल्याला कुनी इचारत न्हाई." मला राग आला होता तेव्हा. आईच्या वाढदिवसाला असं बोलतात का! आता वाटतं, पाहुण्यांसमोर बोलला नाही, थांबला, एवढं तरी मी लक्षात घ्यायला हवं होतं.

यावरून कुणाला वाटेल की तो खवट होता, सगळ्यालाच नाही म्हणणारा. तसं नव्हतं. उलट त्याला ते औषध हवंच होतं. "माझा बाप पन्नाशीत सत्तरीचा दिसायचा. उन्हात चालून चालून गुडघं गेलं, डोळं गेलं. मला नको व्हय आसलं औशीद? पर खरं पायजे." या विषयात प्रामाणिकपणे काम करणारी माणसं आहेत, त्यांना वेळ लागणार, आणि बाजाराला धीर नाही, एवढंच त्याचं म्हणणं. हळदीचे एक व्यापारी त्याच्याकडं आले होते, हळदीतलं द्रव्य तारुण्य टिकवतं असं चार ओळींत लिहून द्या म्हणून. त्यानं त्यांना चहा पाजला, ते द्रव्य पोटातून रक्तात किती कमी उतरतं ते तासभर समजावलं आणि रिकाम्या हातानं पाठवलं. ते माझ्याकडं येऊन कुरकुरले. मी त्यांच्यापाशी बिराची बाजू घेतली, अगदी छाती पुढं काढून. माझ्याच मालाची पाळी यायची होती अजून.

तीन वर्षांपूर्वी विश्रामबागेतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर त्याचं व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत उभा राहून मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. बोलायला लागला की तो छान प्रमाण भाषेत बोलायचा. द्राक्षाचा विषय आला तेव्हा म्हणाला, "आपल्या सांगलीच्या काळ्या द्राक्षाच्या सालीत एक द्रव्य असतं. ते दिल्यावर आयुष्य वाढलेलं प्रयोगशाळेत दिसलं आहे, हे खरं आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांचे डोळे तेव्हा द्राक्षाकडे वळले." आणि थांबला. म्हाताऱ्यांच्या माना ताठ झाल्या. माझी तर छाती फुगली. मग तो म्हणाला, "आता तोंड उघडून बघू. आयुष्य वाढलं ते कुणाचं?" आणि एकेक करून सांगितलं. यीस्टचं, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्याचं. अळीत कुणाला दिसलं, कुणाला दिसलं नाही. चरबी चारून लठ्ठ केलेल्या उंदरांना फायदा झाला, पण नेहमीचं खाणारे उंदीर काही जास्त जगले नाहीत. माणूस जास्त जगल्याचा पुरावा आजपर्यंत नाही. शिवाय ते पोटात गेलं की शरीर त्याची लगेच मोडतोड करतं, आणि प्रयोगात देतात तेवढं द्राक्षातून मिळवायचं तर टोपल्यांच्या टोपल्या खाव्या लागतील. द्राक्षाचं संपवताना म्हणाला, "आणि मनुका म्हणजे साखर. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जपून."

त्याच आठवड्यात मी फोनवरचा व्हिडिओ कापायला शिकलो होतो. चौसष्टाव्या वर्षी नवीन काही जमलं की माणूस पोरासारखा नाचतो. घरी बसून मी ते व्याख्यान कापलं. "डोळे तेव्हा द्राक्षाकडे वळले" इथं संपवलं. वर लिहिलं, ‘काळेल सरांचा सल्ला: रोज मूठभर काळे मनुके, म्हातारपण दूर’. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलं. खोटं काही नाही ना त्यात, सगळं बिराचंच वाक्य आहे, असं मी स्वतःला म्हणालोसुद्धा. म्हणजे आत कुठंतरी ठाऊक होतं. त्या हंगामात काळ्या मनुक्यांना मागणी आली, आणि मी बिराला एक पेटी भेट पाठवली. त्यानं फोन करून विचारलं, "कशापायी रं?" मी म्हणालो, असंच.

व्हिडिओ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर असा फिरत म्हसवडला पोचला. आबांना साखर होती. रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी, तीही बिरानंच सुरू करायला लावलेली. आबा पेपर वाचत नाहीत, डॉक्टरवर त्यांचा अर्धाच विश्वास, पण फोनमधून बिराचा आवाज आला म्हटल्यावर संपलंच. ज्याच्यासाठी मेंढ्या विकल्या तो भाऊ सांगतोय. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर त्यांनी फोन बाजूला ठेवला असता. आबांनी गोळी बंद केली आणि मनुके सुरू केले, मूठभर सकाळी, मूठभर संध्याकाळी. बिराला सांगितलं नाही, कारण सांगायचं काय, त्याचंच तर सांगणं होतं. चार महिन्यांनी रानात पायात काटा मोडला. तो चिघळला. साताऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला, मग शेजारची दोन बोटं. मेंढरामागं चालणारा माणूस बसला तो बसलाच.

बिरा दुकानात आला तेव्हा दुपार होती. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दाव." मी काय ते समजलो. फोन दिला. त्यानं ती चित्रफीत एकदा बघितली, परत एकदा बघितली. मी म्हणत होतो, अरे मला काय माहीत, आत्ता काढून टाकतो, हे बघ काढली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "शेठ, तू तोंड उघडूच दिलं न्हाईस." थोड्या वेळानं म्हणाला, "गंमत आयक. आबा जी गोळी खात हुता ना, साखरंची, जुनी, सस्तातली, तिच्यावर खरं काम चाललंय जगात. म्हातारपन लांबवती का म्हनून. अजून ठरल्यालं न्हाई काय. पर इचारन्यासारखं काय आसंल तर ती गोळी. ती त्येनं सोडली आन् मनुकं धरलं... माझा आवाज आयकून." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि त्या वेळीही मी काउंटरवरच्या पावत्या नीट करायला लागलो.

उठताना त्यानं एकच मागितलं. "एकदा चल माझ्यासंगं म्हसवडला. आबाला तुज्या तोंडानं सांग, म्या काय म्हनलं हुतं आन् तू काय लावलंस. मी सांगितलं तर मागं सरतोय आसं वाटंल त्येला." मी म्हणालो, जाऊ की, एवढे सौदे होऊ देत. सौदे झाले. मग दिवाळीचा माल. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग नातीचं लग्न. बिरानं पुन्हा विचारलं नाही. मी अधूनमधून "आबा कसे आहेत?" असं विचारायचो, तो "चाललंय" म्हणायचा, आणि मी विषय बदलायचो. त्या "चाललंय"च्या पुढं एक प्रश्न विचारला असता तर सगळं कळलं असतं. म्हणूनच विचारला नाही.

पण त्याची व्याख्यानं बदलली. "आवाज माझाच हुता की. म्या आधी ग्वाड सांगितलं आन् मग कडू," असं त्यानं स्वतःवरच घेतलं होतं. त्यानंतर तो उलटं बोलायला लागला. उभं राहिल्या राहिल्या सांगायचा, माणसाचं आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं औषध आज एकही नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका, चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. मग बाकीचं. प्रत्येक वाक्यात आधी ‘नाही’, मग ‘पण’. कुठूनही कापलं तरी माणूस मरू नये अशी वाक्यं करतो आता, असं मला म्हणाला होता. ऐकायला ती रुक्ष वाटायची. गर्दी कमी होत गेली. शेवटच्या शेवटच्या एका व्याख्यानाला मी मोजून अकरा माणसं बघितली, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला आले होते. आधीचा बिरा कसा लोकांना हसवत, थांबवत, चुचकारत न्यायचा... ते सगळं त्यानं सोडून दिलं, माझ्या एका कापण्यापायी. आमची शेवटची भेट त्याच व्याख्यानानंतरची. स्कूटरला किक मारताना म्हणाला, "सवड झाली का रं शेठ?" मी म्हणालो, "कशाची?" तो हसला आणि गेला. कशाची ते मला माहीत होतं.

आबा अंत्यविधीला आले होते. काठी टेकत, पायात एक कापडी बूट, सगळ्यांपासून लांब उभे. मी जवळ गेलो नाही. वहिनीनंच तेराव्यानंतर मला सांगितलं की अडीच वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा झाली, बिरा गावी गेला, आबा घरातून उठून रानात निघून गेले. दोन्ही वर्षी. "ह्यांनी तुमचं नाव तिथं कधी काढलं नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, सांगा की खरं काय ते. तर म्हणाले, अजित येणार आहे सांगायला." येणार आहे. अडीच वर्षं तो माणूस तसं म्हणत होता.

मी पुढच्याच आठवड्यात गेलो. विटा, मायणी करत म्हसवडला पोचायला मला अडीच तास लागले. अडीच तास! इतकं जवळ होतं ते. आबा घराच्या कडेला कोकरांच्या वाड्यापाशी बसले होते. मोठी मेंढरं त्यांचा मुलगा घेऊन गेला होता, त्यांच्याकडं फक्त लहान कोकरं राखायला. मला ओळखलं त्यांनी. "ये शेठ, बस," म्हणाले आणि घोंगड्यावर जागा केली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. काय कापलं, कुठं कापलं, वर काय लिहिलं, आणि बिरानं चल म्हटल्यावर काय काय कारणं काढली. आबा कोकराच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होते.

"म्या त्येला म्हनलं हुतं," ते म्हणाले, "तुज्या इद्येनं माझं पाऊल न्येलं. हितंच. त्यो आसाच हुबा, तुज्यागत. मान खाली. म्या म्हनलं, खरं हाय म्हनून गप हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवा आला आस्तास तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि मला ते पुरं करून हवं होतं. शिवी तरी द्यावी. मी म्हणालो, "आबा, सगळं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं. पहिल्यापासून." त्यांनी घोंगड्यावर हात आपटला. "लाव."

मी फोन दोघांच्या मध्ये ठेवला. बिराचा आवाज त्या मोकळ्या रानात बारीक ऐकू यायला लागला. आबांना किती कळत होतं कोण जाणे, यीस्ट, अळी, प्रयोगशाळा. पण ते ओणवून ऐकत होते. द्राक्षाचं आलं. मी जिथं कापलं होतं ती जागा आली आणि गेली. उंदीर आले, टोपल्या आल्या. "आणि मनुका म्हणजे साखर. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जपून," बिरा म्हणाला, आणि आबांनी डोळे मिटले. त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बिराला ठसका लागतो, आणि तो म्हणतो, "जरा पाणी मिळेल का?" हे वाक्य मी याआधी ऐकलंच नव्हतं. आबांनी हात वर केला. मी थांबवलं.

"पानी मागितलं न्हवं त्येनं?"

"हो."

"दिलं का कुनी?"

मला आठवेना. मी मागं घेऊन पुन्हा लावलं. ठसका, "जरा पाणी मिळेल का?", आणि मग अगदी फोनजवळ, मोठ्यानं, एक आवाज, "मनुक्यांची पाकिटं दारापाशी मांडा, जाताना दिसली पाहिजेत." तो माझा आवाज, दुकानातल्या पोरांना सांगतानाचा. त्यानंतर भांड्याचा आवाज नाही, काही नाही. बिरा दोनदा घसा खाकरतो आणि तसाच पुढं बोलायला लागतो.

आबा माझ्याकडं बघत राहिले. मी फोन बंद करायला वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बोलू दे त्येला समदं."